चूल मांडायची तर: भांडं, हवा, माती आणि चिमणी

गावच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी चूल बांधली आणि दुसऱ्या महिन्यात ती फोडली. दिसायला देखणी होती. गेरूचा हात, त्यावर रांगोळीच्या रेघा. पेटवली की मात्र धूर चिमणी सोडून तोंडातूनच बाहेर यायचा आणि डाळ शिजेपर्यंत अर्धी मोळी संपायची. शेजारच्या काकी बघायला आल्या. वाकून आत हात घातला तर तो कोपरापर्यंत गेला. म्हणाल्या, “अगो, ही चूल की भट्टी?” मग विचारलं, “तुझं भात शिजवायचं टोप केवढं?” तो प्रश्न बांधायच्या आधी मी स्वतःला विचारलाच नव्हता.

राजापूरकडच्या आमच्या घरात आता तिसरी चूल आहे आणि ती नीट चालते. शहरातून गावाकडे परतणारे, शेतघर बांधणारे, नाहीतर गॅस आहेच पण सोबत एक चूल हवी असं म्हणणारे बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत चूल मांडायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

आधी धुराचं समजून घ्या

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो आणि ज्वाळेत जळतो तो मुख्यतः हा वायू. त्याला पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर तो पुरता जळतो. नाही मिळाली तर धूर होतो. म्हणजे डोळ्यांत जातं ते न जळलेलं जळण. धूर होण्याची कारणंही चारच: लाकूड ओलं, एका वेळी घातलेलं लाकूड फार, खालून हवा कमी, किंवा गार भांडं ज्वाळेच्या फार जवळ. बाकी फुंकणी, देव आणि नशीब यांचा संबंध नंतर.

याला थट्टेवारी नेऊ नये. आपल्या आज्या-पणज्यांची छाती आणि डोळे या धुरानेच गेले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तीही याच कारणाने. लहान मूल, दम्याचं माणूस किंवा गरोदर बाई घरात असेल तर चूल पडवीत किंवा मागच्या उघड्या खोपीत ठेवा, मुख्य स्वयंपाकघरात नको.

कोणती चूल घ्यायची

महिन्यातून दोनदा पिठलं-भाकरीची हौस भागवायची असेल तर मातीची चूल बांधायच्या भानगडीत पडू नका. उचलून नेता येणारी पत्र्याची शेगडीवजा चूल मिळते. तिच्यात आतून मातीचं किंवा सिरॅमिकचं अस्तर असावं, नुसता पत्रा दोन पावसाळ्यांत सडतो. पंखा लावलेल्याही मिळतात, त्यांत धूर खरोखर कमी होतो, पण लाकडाचे बोटभर तुकडे करत बसावं लागतं आणि वीज किंवा बॅटरी लागते. विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचा आयएस १३१५२ हा क्रमांक आहे का ते विचारा. त्या मानकात साध्या ओढीच्या, म्हणजे बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के धरली आहे. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला लागते, यावरून फरक लक्षात येईल.

फक्त आंघोळीचं पाणी तापवायचं असेल तर तांब्याचा बंब घ्या. मधल्या नळीत ढलपे आणि करवंट्या टाकल्या की काम झालं. त्याला बांधकाम लागत नाही, चिंचेने घासायची तयारी लागते.

रोजचा स्वयंपाक करायचा असेल तर मात्र मातीची, दोन भांड्यांची, चिमणीची चूल. पुढे मुख्य तोंड, मागे किंवा बाजूला वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याची जोडचूल. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘आरती’ संस्थेने ‘लक्ष्मी’ नावाची अशी चूल पुढे आणली. साचा असला की मापं चुकत नाहीत. साचा मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर पुढची मापं धरून हाताने बांधता येते.

जागा

दारासमोर तोंड नको. दारातून येणारा वारा धूर मागे ढकलतो आणि जाळ कधी इकडे कधी तिकडे लोळतो. आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला भिंत आणि चुलीचं तोंड पूर्वेकडे. बहुतेक जुन्या घरांत उलट, करणारीचं तोंड पूर्वेला असतं. शास्त्र काहीही असो, वाऱ्याशी भांडण नको हे खरं.

वर माळा, वाळत घातलेली मिरची, प्लॅस्टिकच्या बरण्यांची फळी, यातलं काही नको. मागची भिंत विटांची, चिऱ्याची किंवा मातीची हवी. लाकडी किंवा बांबूची असेल तर मध्ये चिऱ्याचा एक थर आणि चार बोटं मोकळी जागा सोडा. चिमणी असली तरी भिंतीत वर एक झरोका हवाच.

पाटावर बसून करायचं की उभ्याने, हे आधीच ठरवा. गुडघे कुरकुरत असतील तर चिऱ्यांचा दीड फूट उंच ओटा करून त्यावर चूल बांधा. भांड्याचा काठ कमरेच्या जरा खाली यायला हवा. त्याहून वर गेला तर आत काय शिजतंय ते दिसत नाही आणि वाफ तोंडावर येते.

मापं

घरात रोज वापरात असलेलं टोप आणि कढई समोर ठेवा. चूल त्यांच्या मापाने बांधायची. आमचं टोप तळाशी दहा इंची आहे, म्हणून मुख्य चुलीचं भोक आठ इंची. वैलाचं सहा इंची, कारण तिथे आमटी नाहीतर दूध असतं.

तोंड सात इंच रुंद, सहा इंच उंच. आतल्या तळापासून दोन इंचांवर बिडाची जाळी. जाळीखालून हवा आली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या पहिल्या चुलीत जाळीच नव्हती, लाकूड स्वतःच्याच राखेत गुदमरायचं. जाळीपासून भांड्याच्या तळापर्यंत सात इंच, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं कमी. याहून खोल गेलं तर जाळ भांड्याला पोचत नाही (माझी ‘भट्टी’ दीड वीत होती). याहून उथळ केलं तर ज्वाळा अर्धवट जळतानाच गार तळाला थडकते आणि भांड्यावर काजळीचा थर बसतो.

मुख्य चुलीतून वैलाकडे चार इंची बोगदा, जाताना किंचित चढता. वैलाच्या खाली मात्र खोली फार ठेवायची नाही. तीन इंच पुरे, म्हणजे गरम वारा भांड्याचा तळ चाटतच चिमणीकडे जातो. तिथे मोठी पोकळी ठेवली की ऊब खालून निसटते आणि वैलावरचं दूध तासभर तसंच राहतं.

नवखे इथे हमखास चुकतात. चिमणीच्या चुलीत भांडं भोकावर घट्ट बसलं पाहिजे. कडेला फट राहिली की तिथून हवा आत ओढली जाते आणि चिमणीची ओढ कमी होते. बिनचिमणीच्या चुलीत उलटं. तिथे कडेवर मातीचे तीन उंचवटे करून भांडं बोटभर वर ठेवायचं, कारण धुराला बाहेर पडायला तीच वाट असते. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हीकडून नुकसान.

आता भाकरीचं. चिमणीची चूल घेतलेल्या बायकांची तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली ती हीच, की भाकरी शेकता येत नाही. ज्याने चूल आखली त्याने भाकरी कधी केली नसणार. तव्यावर भाकरीची वरची, पाणी फिरवलेली बाजू उलटली, दोन्हीकडून जरा धरली, की ती तव्यावरून काढून निखाऱ्यांपुढे उभी करायची असते. तिथे ती फुगते, कडेला दोन काळे ठिपके येतात आणि चुलीच्या भाकरीची चव येते. त्यासाठी तवा भोकावरून हलवला तर भोक उघडं पडतं आणि सगळा धूर खोलीत येतो. उपाय सोपा आहे: तोंडापुढे वीतभर रुंद, मागे जरा उतरता असा मातीचा कट्टा ठेवा. निखारे चिमट्याने त्यावर ओढायचे, भाकरी तिथेच आरासमोर उभी करायची, तवा जागेवर. वांगं, कांदा, सुकी मासळी भाजायलाही तोच कट्टा. हा एक कट्टा नसल्यामुळे चांगल्या चुली फुटलेल्या मी पाहिल्यात.

माती आणि बांधकाम

वारुळाची माती मिळाली तर दुसरं काही बघू नका, मात्र सोडलेलं वारूळ घ्या, वस्तीचं नको. नाहीतर भातशेतीच्या कुणग्यातली चिकण माती घ्या आणि तिच्यात चाळलेला मुरूम मिसळा, कारण नुसती चिकण माती वाळताना तडकते. तीन घमेली मातीला एक घमेलं भाताचं तूस आणि अर्धं घमेलं ताजं शेण. पाणी घालून तीन दिवस कुजू द्या, रोज एकदा पायाने तुडवा. चिखल मुठीत दाबून सोडला की आकार टिकला पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये.

आधी तळ थापा. मग आतल्या पोकळीच्या जागी केळीच्या खांबाचे तुकडे ठेवा आणि भोवती तीन इंच जाडीची भिंत थराथराने चढवा. बोगद्याच्या जागीही केळीचा तुकडाच. चिखल जरा आवळला की ओढून काढता येतो, राहिला तरी जळून जातो. जाळीला आधार म्हणून बाजूंना विटेचे तुकडे बसवा.

वाळायला सावलीत दहा-बारा दिवस. उन्हात घाई केली तर तडे गॅरंटीने. केसाएवढे तडे पडतातच, ते रोज संध्याकाळी पातळ शेणमातीने बुजवायचे. मग तीन दिवस फक्त काटक्यांचा छोटा जाळ. पहिल्या जाळावर आमच्याकडे हळदकुंकू वाहून दूध उतू घालतात. मला त्यात एक व्यावहारिक सोयही दिसली: दूध कुठल्या बाजूने आधी उतू जातं त्यावरून भांडं सपाट बसलंय की नाही ते कळतं.

चिमणी

चार इंची नळी. पीव्हीसी कधीच नाही, हे सांगावं लागू नये पण मी लावलेली पाहिली आहे. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा जुना पाइप फुकट मिळतोय म्हणून कापू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. चुलीला लागून पहिले तीन फूट साध्या लोखंडी पत्र्याचे घ्या आणि वर जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा. मुलाम्याचा पाइप थेट जाळाजवळ लावला तर तापून जस्ताचा धूर होतो.

नळी शक्यतो सरळ वर जाऊ द्या. वळण लागलंच तर एकच, आणि त्या वळणाशी साफ करायला झाकणाचं तोंड ठेवा. कौलांतून बाहेर काढताना लाकडी वासा किंवा रीप नळीपासून दीड फूट लांब हवी. तेवढं जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा आणि हवा खेळायला फट. फटीत कापूस, गोणपाट, थर्माकोल काही कोंबायचं नाही. नळीभोवती पत्र्याची गळपट्टी नीट बसवली नाही तर जूनमध्ये पहिली गळती तिथूनच.

वरचं टोक छपरापासून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, मुंडारी (छपराचा माथा) किंवा शेजारची भिंत, त्याच्याहून दोन फूट वर. माझी पहिली चिमणी मुंडारीच्या खालीच संपत होती. वारा छपरावरून उतरताना धूर पुन्हा नळीत दाबायचा. टोकावर पावसासाठी टोपी लावा, पण टोपी आणि नळीत चार बोटं अंतर ठेवा.

उलट चूकही होते. फार उंच, फार रुंद चिमणी इतकी ओढते की उष्णता भांड्याखाली थांबतच नाही. म्हणून नळीत फिरणारी एक पत्र्याची चकती बसवून घ्या. जाळ धरला की ती अर्धी वळवायची. निखारे असताना पूर्ण बंद करायची नाही, कधीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. याच कारणाने थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही.

जळण

ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं. ते पेटवलं की आधी पाणी उकळायला जाळ खर्च होतो. चिरून, रचून वाळवलेल्या लाकडात १५-२० टक्क्यांवर येतं, तेवढं चालतं. ओळख अशी: दोन ढलपे एकमेकांवर आपटा. टणक वाजले तर वाळलेले, ‘थप’ असा आवाज आला तर अजून वेळ आहे. टोकाला चिरा गेलेल्या दिसल्या पाहिजेत. खात्री हवी तर एक ढलपा दर आठवड्याला तोला, वजन उतरायचं थांबलं की झालं.

बाभूळ आणि ऐनाचे निखारे टिकतात, भाकरीला तेच. सुरू भडकून जळतो, उकळी आणायला बरा. शेवगा, पांगारा म्हणजे कागद. पेटवायला करवंट्या, सोडणं, वाळलेली चुडतं, देशावर असाल तर तुराट्या आणि पऱ्हाट्या. रॉकेल नको. कण्हेर आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालू नका, त्यांचा धूर विषारी. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या, यातलंही काही नाही.

आपल्याच जमिनीतलं झाड म्हणून कुऱ्हाड उचलू नका. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, खैर, साग अशी झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. वाळक्या फांद्या आणि छाटणी यांवरच आमचं वर्ष निघतं. दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण चार किलो जळण जातं.

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी म्हणजे फक्त मासळी-मसाला नाही, जळणही. शिमग्यापर्यंत चिरलेलं लाकूड मे अखेर छपराखाली. जमिनीवर थेट रचू नका, खाली दोन ओंडके आडवे टाका. वरून पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड आतून घामेजतं. आणि ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. आमच्या भागात फुरसं हा विषारी साप अशा ठिकाणी दडतो, विंचू तर असतोच.

पेटवणं आणि रोजची निगा

जुलैत चिमणी गार आणि ओली असते, तिला ओढच नसते. अशा वेळी आधी वैलाच्या भोकातून पेटता कागद किंवा मूठभर सुकी सोडणं टाकून भांडं ठेवा. नळी कोमट झाली की मग पुढचं तोंड पेटवा. ही युक्ती मला दुसऱ्या पावसाळ्यात कळली, तोपर्यंत रोज सकाळी मी रडतच चहा करत होते.

एका वेळी दोन-तीन लाकडं, त्यांच्यात बोटभर फट, फक्त टोकं जाळीवर. जळत जातील तशी आत सारायची. तोंड लाकडाने भरून टाकलं की हवा कुठून येणार? मधूनच अंगणात जाऊन चिमणीकडे बघा. जवळजवळ काहीच दिसत नसेल तर उत्तम. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड ओलं, काळा म्हणजे हवा कमी. काम झालं की लाकडं मागे ओढून टोकं राखेत दाबा. तापल्या चुलीवर पाणी ओतलं तर ती तडकते.

राख रोज काढायची, पण प्लॅस्टिकच्या बादलीत नाही आणि उकिरड्यावर थेट नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, दोन दिवसांनी भांडी घासायला किंवा झाडांना. कोकणातल्या आंबट मातीला ती मानवते.

आठवड्यातून एकदा गार चुलीला पोतेरं फिरवा, तोंडाची झिजलेली कड तेव्हाच भरून घ्या. महिन्यातून एकदा चिमणी: काथ्याचा घट्ट गुंडाळा, खाली दोरीला दगड, वरून सोडून दोन-तीनदा ओढायचा. खाली वैलाची पोकळी आणि बोगदा झाऱ्याने खरवडायचा, कारण सगळी काजळी तिथेच येऊन बसते. डांबरासारखा चकाकणारा थर दिसला तर तुम्ही ओलं लाकूड जाळताय. तो थर नळीत पेट घेऊ शकतो, म्हणून महिना भरायची वाट बघू नका.

मोठी डागडुजी वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी. जाळी काढून वाकली आहे का बघायची, आतली भिंत जिथे विटेसारखी भाजून सुटली असेल तिथे खरवडून, ओली करून, नवा चिखल दाबायचा आणि मग बाहेरून सारवण. त्यानंतर निदान चार दिवस चूल पेटवायची नाही. एका वर्षी मला उशीर झाला, आणि चतुर्थीचे मोदक गॅसवर उकडले.